'नाही कळलं' कुणाला सांगायचं?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वर्गात एकोपा आला की मुलं खरंच जास्त शिकतात, की नुसतं छान वाटतं, असं तू विचारलंयस. शिकतात. पण प्रत्येक एकोपा तसा नसतो.

अमेरिकेत, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली १९७०च्या दशकातली गोष्ट. कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येनं मागे पडत. तयारी कच्ची, घरची गरिबी, शिकायचं मन नाही, ही प्राध्यापकांची उत्तरं तयार होती. तिथं गणिताच्या शिकवण्यावर काम करणारे युरी ट्रायझमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला आणि त्यातलं एकही कारण टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती, पण एकेकटी बसत. गणित अडलं की तिथंच रुतत. चिनी वंशाची मुलं आधी स्वतः सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. ट्रायझमन यांनी मग गट बसवले, तेही उजळणीसाठी नव्हे, मुद्दाम अवघड गणितांसाठी. निकाल स्पष्ट सुधारले.

'अवघड' हा शब्द सोडू नकोस. सोपं काम दिलं की एक जण लिहितो आणि बाकीचे उतरवून घेतात. मी अशी गटकार्यं वर्षानुवर्षं घेतली, याचं आजही वाईट वाटतं.

सहावीच्या वर्गात एका मुलीनं अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश लिहिलं होतं. मी दोनदा समजावलं. ती मान डोलवून "समजलं सर" म्हणाली. मी पुढच्या बाकाकडे वळलो, तशी शेजारणीला हळूच म्हणाली, "मला नाही कळलं गं." शेजारणीनं कागदाची पट्टी मधोमध दुमडली. "हा अर्धा. तुझे दोन पंचमांश याच्याहून कमी. मिळवल्यावर कमी कसं होईल?" ती पट्टीकडे बघत राहिली, मग स्वतःच खोडरबर मागितलं.

जे मला सांगायची तिला भीती वाटत होती, ते तिनं मैत्रिणीला सांगितलं. मी म्हणतो तो एकोपा हा. परिपाठ, वाढदिवस, बालसभा हे सगळं करच. त्यानं मुलं मोकळी होतात. पण तो मोकळेपणा गणिताच्या तासापर्यंत पोचायला हवा.

सोमवारी एकच अवघड उदाहरण दे. पाच मिनिटं एकट्यानं, मग जोडीनं. तू मधे बोलू नकोस, फक्त बाकांमधून फिर आणि 'नाही कळलं' कुठून ऐकू येतंय ते मला लिही.

तुझा,
सर