ट्रॅक्टर ‘पन्नास एचपी’चा म्हणजे नेमका किती किलोवॅटचा?

प्रश्न : नवीन ट्रॅक्टर घेण्यासाठी दोन विक्रेत्यांकडून कोटेशन घेतले. एकाचा ट्रॅक्टर ४९ एचपीचा आणि दुसऱ्याचा ५२ एचपीचा आहे. तीन एचपीसाठी किमतीत एवढे अंतर का पडते? जाहिरातीत एचपी, कागदपत्रांत किलोवॅट आणि अनुदानाच्या अर्जात पीटीओ (अवजार चालवणारा मागचा शाफ्ट) एचपी लिहिलेले असते, त्यांपैकी खरा आकडा कोणता धरायचा? डिझेल पंपाचे सेटिंग वाढवून घेतले तर चालेल का, आणि घरच्या जुन्या ट्रॅक्टरला धुराचे नवे नियम लागू होतात का?

उत्तर : शेतकरी बंधू-भगिनींनो, तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या मापाने मोजलेले असतात. धुराचा कायदा मात्र यांतला एकच आकडा वाचतो, तो म्हणजे इंजिनाची किलोवॅटमधील शक्ती. त्यामुळे आधी एचपी आणि किलोवॅट यांचा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे.

‘एचपी’ म्हणजे अश्वशक्ती, आणि या एकाच नावाने दोन मापे वापरली जातात. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलण्यासाठी लागणारी शक्ती म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती, आणि ती ०.७३५५ किलोवॅट भरते. मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम ही ब्रिटिश अश्वशक्ती, आणि ती ०.७४५७ किलोवॅट भरते. हा फरक दीड टक्क्याच्या आसपासचा असल्याने नांगरटीत जाणवत नाही, पण कायद्याची रेषा नेमकी ३७ किलोवॅटवर आखलेली आहे. मेट्रिक मापाचे ५० एचपी म्हणजे ३६.७८ किलोवॅट, म्हणजे रेषेच्या आत. ब्रिटिश मापाचे ५० एचपी म्हणजे ३७.२९ किलोवॅट, म्हणजे रेषेच्या बाहेर. त्यामुळे ‘पन्नास एचपी’ एवढ्यावरून ट्रॅक्टर कोणत्या गटात बसतो हे कोणीही सांगू शकत नाही. कोटेशनवर किलोवॅटचा आकडा दशांशासह लिहून मागावा.

या रेषेपलीकडे काय बदलते ते पाहू. ट्रॅक्टरसाठीच्या उत्सर्जन मानकांचा चौथा टप्पा, ज्याला ‘ट्रेम ४’ म्हणतात, १ जानेवारी २०२३ पासून ३७ किलोवॅट व त्याहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरना लागू झाला. त्याखालच्या ट्रॅक्टरना त्या वेळी जुना ‘३ अ’ टप्पाच राहिला. उत्सर्जनाची मर्यादा इंजिनाने केलेल्या प्रत्येक किलोवॅट-तास कामामागे किती ग्रॅम प्रदूषक बाहेर पडते, अशी मोजतात. १९ ते ३७ किलोवॅटच्या गटाला ‘३ अ’ टप्प्यात ०.६ ग्रॅम काजळीची मुभा आहे, तर ३७ ते ५६ किलोवॅटच्या गटाला चौथ्या टप्प्यात फक्त ०.०२५ ग्रॅमची. तुमच्या दोन कोटेशनमधला ४९ एचपीचा ट्रॅक्टर कोणत्याही मापाने ३७ किलोवॅटच्या आत राहतो आणि ५२ एचपीचा बाहेर जातो, म्हणजे त्या तीन एचपीत काजळीची मर्यादा चोवीस पटींनी कडक होते. ३७ ते ५६ किलोवॅटच्या गटात नत्राची ऑक्साइडे आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांची एकत्रित मर्यादा दोन्ही टप्प्यांत ४.७ ग्रॅमच आहे, म्हणजे या गटात खरा बदल काजळीचा आहे. ती कमी करण्यासाठी मेकॅनिकल पंपाच्या जागी डिझेल फवारणारी, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची कॉमन रेल प्रणाली येते आणि सायलेन्सरच्या मार्गात काजळीची गाळणी, म्हणजे डीपीएफ, बसवली जाते. किमतीतले अंतर मुख्यतः इथून येते.

पाचव्या टप्प्यात १९ ते ३७ किलोवॅटच्या गटाचीही काजळीची मर्यादा ०.६ वरून ०.०१५ ग्रॅमवर येते. त्याच्या अंमलबजावणीची तारीख यापूर्वी पुढे गेलेली आहे, म्हणून खरेदीच्या आठवड्यात कोणता टप्पा लागू आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

आता शक्ती मोजतात कुठे, ते पाहू. उत्सर्जनासाठी ती इंजिन चाचणी-बाकावर (चाचणीच्या यंत्रावर) बसवून क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाशी मोजतात. शक्तीचा आकडा इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांप्रमाणे बदलत जातो, आणि बऱ्याच नव्या इंजिनांत सर्वाधिक शक्ती ठरावीक कमाल फेऱ्यांवर मिळत नाही, थोड्या कमी फेऱ्यांवर मिळते. मग कोणता बिंदू धरायचा? युरोपच्या २०१६/१६२८ या नियमात बदलत्या फेऱ्यांच्या इंजिनासाठी पूर्ण भाराच्या वक्रावरील (फेऱ्यांनुसार शक्ती दाखवणाऱ्या आलेखावरील) सर्वांत उंच बिंदू धरतात, आणि अमेरिकेच्या नियमातही तोच शिखरबिंदू जवळच्या पूर्ण किलोवॅटमध्ये घेतात. शिखर धरण्यामागचे कारण उघड आहे. फेऱ्या निवडण्याची मोकळीक दिली, तर मोठे इंजिन कागदावर लहान दाखवून सौम्य गटात बसवता येईल.

पीटीओ एचपी हा आकडा मात्र गिअर व तेलातील घर्षण वजा जाऊन मागच्या शाफ्टवर प्रत्यक्ष मिळणाऱ्या शक्तीचा असतो. तो इंजिनाच्या आकड्यापेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्के कमी भरतो. अनुदान देणाऱ्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात ट्रॅक्टरचे गट ८ ते २०, २० ते ४० आणि ४० ते ७० पीटीओ एचपी असे आहेत, म्हणून अर्जात इंजिनाचा एचपी भरू नये. इंजिनाचे ४५ एचपी असलेला ट्रॅक्टर पीटीओवर ४० च्या आत बसू शकतो आणि गट चुकला की पुढची कागदपत्रे अडतात. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात पीटीओवरील शक्ती दिलेली असते. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र निवडताना हाच आकडा पाहावा. अवजाराला कागदावरचा इंजिन एचपी कधीच मिळत नाही.

पंप वाढवण्याविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे. गावोगावी पंपाचे सेटिंग वाढवून डिझेलचा पुरवठा जास्त करून दिला जातो, आणि ट्रॅक्टर ‘ओढायला लागला’ म्हणून शेतकऱ्याला समाधान वाटते. पण आत येणारी हवा तेवढीच असल्याने जास्तीचे डिझेल पूर्ण जळत नाही. ते काळा धूर होऊन बाहेर पडते, काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करते आणि इंजिन गरम होते. मंजुरी मिळालेली शक्ती आणि उत्सर्जन यांपैकी काहीच जागेवर राहत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल करण्यास मनाई आहे. तो धूर सर्वांत आधी चालकाच्या आणि मागे अवजारावर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातो. बहुतेक वेळा ती माणसे आपल्याच घरची असतात. ट्रॅक्टर कमी ओढत असेल, तर आधी एअर फिल्टर, नोझल आणि टायरमधील हवा तपासून घ्यावी.

जुन्या ट्रॅक्टरविषयी निश्चिंत राहावे. टप्प्यांच्या या मर्यादा नव्याने तयार होणाऱ्या ट्रॅक्टरसाठी आहेत. तुमच्या शेडमधील ट्रॅक्टरला डीपीएफ बसवावा लागत नाही.

विहिरीवरच्या जनरेटरचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या पाटीवर केव्हीए (विजेच्या क्षमतेचे माप) असते, तर १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या जनरेटर मानकांचे गट इंजिनाच्या यांत्रिक किलोवॅटवर ठरतात. १५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेच्या प्रमाणाने) १२ किलोवॅट वीज, आणि अल्टरनेटरमधील (वीज तयार करणाऱ्या भागातील) घट भरून काढण्यासाठी इंजिन त्याहून मोठे लागते.

तुम्ही ५२ एचपीचा ट्रॅक्टर घेतलात आणि त्यात डीपीएफ असेल, तर तासन्‌तास रिकामा किंवा हलक्या ओझ्यावर चालवू नये, कारण धूर पुरेसा तापला नाही तर गाळणीत काजळी साचत जाते. काजळी जाळण्याची खूण पॅनेलवर दिसत असताना इंजिन बंद करू नये. बांधावर थांबायचे असले तरी ती खूण जाईपर्यंत चालू ठेवावे.