किल्ला बघून झालाय? मग काठ्यांच्या वाटेनं चाला

तुम्ही विचारलंय की पुण्याहून भाऊ-वहिनी सोलापूरला येणारेत, किल्ला आणि सिद्धेश्वर मंदिर त्यांचं आधीच झालंय, तर सकाळच्या तीन तासांत जुन्या पेठांतलं काय दाखवू. माझं ऐकाल तर पॉइंट शोधूच नका. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेला, नंदीध्वज (आपल्या उंच मानाच्या काठ्या) ज्या वाटेनं जातात ती वाट धरा. हिरेहब्बू वाडा, दाते गणपती, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा. जुनं गाव ह्या वाटेच्या दोन्ही बाजूला आहे आणि आपण सोलापूरवाले जानेवारीत तिथनं जाताना एकतर वर काठ्यांकडं बघतो नाहीतर खाली पाय कुणाच्या पायावर पडतोय ते बघतो, मधली घरं राहूनच जातात.

साडेसहाला बाळीवेशीत या. पाहुणे विचारणारच वेस कुठाय, तर वेस नाही, नुसतं नाव राहिलंय. तिथला हिरेहब्बू वाडा काठ्यांच्या मानकऱ्यांचा आहे, म्युझियम नाही, उगं मोबाईल काढून आत शिरू नका. सातही काठ्या, त्यांचे वेगवेगळ्या समाजांचे मान, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं हे सगळं तिथंच उभं राहून सांगा, म्हणजे पुढचा रस्ता त्यांना कळतो. दत्त चौकाजवळ शुभराय मठ आहे, तिथं थोडं निवांत थांबा. शुभराय महाराज संतकवी होतेच पण चित्रंपण काढायचे, हे इथल्याच निम्म्या लोकांना माहीत नसतं. माणिक चौकात आजोबा गणपती, १८८५ पासूनचा सांगतात, म्हणजे टिळकांच्या १८९३ च्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आधीचा. पुणेकरांना हे मुद्दाम सांगा, मजा येते.

मग जरा वाट सोडून चाटी गल्ली. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, जुना शब्द, आता फक्त गल्लीच्या नावात सापडतो. मागं एका दुकानात बसलो होतो तर मालक फोनवर कन्नड, गिऱ्हाईकाशी तेलुगू, हमालाशी हिंदी आणि मला मराठीत "चहा घेणार का" असं एका दमात बोलला. पण हे बघायला मी एकदा पाव्हण्यांना सकाळी अकराला घेऊन गेलो होतो, हातगाड्या, टमटम, बायकांची खरेदी, अर्धा तास तिथंच अडकलो आणि काकू चिडल्या. म्हणून लवकर निघा म्हणतोय.

विजापूर वेशीतून लगेच पंचकट्ट्याला वळू नका, आधी पूर्व भागात जा, साखर पेठ, दाजी पेठ. माझ्या मते खरं सोलापूर इथंय, पद्मशाली विणकरांचं. गल्लीत शिरायच्या आधी लूमचा खडखडाट ऐकू येतो, खिडकीच्या गजांवर सुताचा भुरा साचलेला असतो. नीट विचारलं तर आत येऊ देतात. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते बघा, त्या भोकांवर ठरतं कुठला धागा उचलायचा, त्यातनंच चादरीवर फूल उमटतं. पलीकडच्या उंबऱ्यावर मावशी मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात, पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, दोऱ्यानं बांधायची, आणि सगळ्यात गप्पा एक मिनिट थांबत नाहीत. फोटो मात्र विचारूनच.

परत येऊन पंचकट्ट्यावरनं पार्क चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी संपवा. इंग्रजांनी इथं लावलेल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. दुसऱ्या दिवशी, १३ ला, आपल्याकडं गड्ड्यात गावातल्या अडुसष्ट शिवलिंगांच्या तैलाभिषेकाला काठ्या निघतात. ती नावं वाचताना पेठा आठवा, चौघं चार समाजांचे.

नाश्त्याला डिस्को भजी खाऊ घाला, तिखट झेपत नसलं तरी.

चीनमध्ये जाऊन जखमींची सेवा करणाऱ्या डॉ. कोटणीसांचं घर ह्या वाटेवर नाही, ते भैय्या चौकात. पाहुण्यांना स्टेशनला सोडायला जाताना गाडीच्या तासभर आधी निघा आणि ते तेव्हाच करा.