विणकाम सल्ला : हेडबँड सैल का पडतो?

प्रश्न : थंडीत पहाटे सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाते तेव्हा कान गार पडतात, पण परतेपर्यंत ऊन चढते आणि कानटोपी नकोशी होते. म्हणून घरात असलेल्या सुती धाग्याचा, एक सुलट एक उलट अशा विणीचा हेडबँड विणला. डोक्याचे माप ५५ सेंटीमीटर भरले, तेवढीच लांब पट्टी विणून टोके शिवली. पहिल्या दिवशी तो बरा बसला, धुतल्यावर मात्र भुवयांवर घसरू लागला. माझे काय चुकले? कॉलेजला जाणाऱ्या लेकीलाही गड्ड्याच्या यात्रेपूर्वी एक, जरा देखणा, विणून द्यायचा आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचे टाके चुकलेले नाहीत, चुकली आहे ती ताणाची दिशा. एक सुलट एक उलट ही वीण आडवी ताणली जाते आणि सोडताच मिटते, म्हणून तर स्वेटरच्या कमरेला व मनगटाला ती घालतात. तुम्ही मात्र अरुंद पट्टी लांबीच्या दिशेने विणत नेलीत, त्यामुळे विणीचा सारा लवचीकपणा पट्टीच्या रुंदीत गेला आणि डोक्याभोवती, जिथे पकड हवी होती, तिथे तो उरलाच नाही. त्यात धागा सुती. तुमच्या गावच्या चादरीत मागावरचे उभे-आडवे धागे एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून सूत तिथे शोभते. सुयांवरच्या विणीत फास ताणला की धाग्यानेच त्याला परत आणावे लागते, आणि लोकरीत असतो तो नैसर्गिक कुरळेपणा सुतात नसतो.

लेकीसाठी डबल निटिंग जाडीची मऊ लोकर घ्यावी, ५० ग्रॅम पुरेल. ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर २२ टाके घालावेत, साधारण १० सेंटीमीटर रुंदी मिळेल. हात सैल असेल तर २० टाकेही चालतात, म्हणून आधी लहानसा नमुना विणून मोजावा. पुढे दोन्ही बाजूंनी सर्व ओळी सुलटच विणाव्यात. या विणीच्या आडव्या धारा दाटीने बसतात व लांबीच्या दिशेने ताणल्या जातात, आपल्याला नेमके तेच हवे आहे. प्रत्येक ओळीचा पहिला टाका धागा पुढे ठेवून न विणता उचलावा आणि मग धागा सुयांमधून मागे न्यावा, म्हणजे कडेला साखळीसारखी सुबक रेघ दिसते.

लांबी डोक्याच्या मापापेक्षा सुमारे दशांशाने कमी ठेवावी. लेकीचे माप तुमच्याइतकेच, ५५ सेंटीमीटर असेल तर ५० सेंटीमीटरला थांबावे. पट्टी हातात आखूड वाटेल आणि आणखी चार ओळी विणण्याचा मोह होईल, पण तो कटाक्षाने टाळावा, कारण थोड्या ताणाखेरीज हेडबँड डोक्यावर राहत नाही.

देखणेपणा येतो तो शिवणीतून. टाके सैल हाताने बंद करून पट्टीची दोन्ही टोके समोरासमोर आणावीत आणि प्रत्येक टोक रुंदीत निम्मे दुमडावे. आता एका टोकाच्या घडीत दुसऱ्या टोकाचा अर्धा भाग सरकवावा, जसे दोन्ही हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवतो तसे. चार पदर एकावर एक येतील, ते सर्व एकाच शिवणीत पकडून त्याच लोकरीने शिवावेत आणि पट्टी उलटवावी. शिवण आत जाते आणि कपाळावर भरीव पीळ उभा राहतो. हे प्रथम टाचण्या लावून करून पाहावे, कारण एक पदर सुटला तर पीळ तिरका पडतो आणि शिवण उसवावी लागते.

धुतल्यावर तो दोरीवर टांगू नये, पाण्याच्या वजनाने लांबतो. टेरी टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत सपाट वाळवावा. लोकर अ‍ॅक्रिलिकची असेल तर इस्त्री अजिबात फिरवू नये, उष्णतेने विणीतील जीव जातो आणि तो परत येत नाही. तुमचा सुती हेडबँड उसवून त्याच धाग्याने पुन्हा विणायचा असेल, तर सर्व ओळी सुलट विणून लांबी ४८ सेंटीमीटरच ठेवावी आणि मानेमागे येणाऱ्या भागात चार बोटे रुंद इलॅस्टिक जोडावे.