मसालेदार परफ्यूम, तुमचे प्रश्न आणि माझं नाक

या खेपेला मसालेदार परफ्यूमवरचे प्रश्न इतके निघाले की बाकीचे पुढच्या वेळी घेते. मसालेदार म्हणजे लवंग, दालचिनी, मिरी, वेलची, जायफळ यातलं काहीतरी ज्यात पहिल्यांदा नाकात शिरतं ते. आणि डिझायनर म्हणजे फॅशनच्या आणि दागिन्यांच्या मोठ्या ब्रँडनी काढलेले, दिओर, कार्तिए, ईव्ह सां लोराँ वगैरे.

प्रश्न: ताई, काउंटरवर कागदी पट्टीवर मारून बघितला तेव्हा दालचिनी-मिरीचा असा काही झणका आला की तिथंच घेऊन टाकला. आता रोज लावते तर अर्ध्या-पाऊण तासात नुसता गोड गोड व्हॅनिला उरतो. बाटलीत काही गडबड असेल का?

बाटली ठीक आहे हो, तो परफ्यूम बनवलाच तसा आहे. मिरी, वेलची, आलं हे वास हलके, झटकन उडणारे, ते पहिल्यांदा येतात आणि बघता बघता जातात. दालचिनी, जायफळ मधे रेंगाळतात, लवंगेतलं युजेनॉल त्यामानानं जड म्हणून ते बराच वेळ दम धरतं. आणि सगळ्यात खाली व्हॅनिला, टोंका (व्हॅनिलासारखाच गोडसर वासाची एक बी), लोबान, लाकडं, अंबर असली मंडळी, जी संध्याकाळपर्यंत अंगावर बसून असतात. आता काउंटरवर माणूस थांबतो किती वेळ, दोन-तीन मिनिटं, त्यामुळे बऱ्याच डिझायनर परफ्यूमचा सगळा जोर त्या दोन-तीन मिनिटांवर असतो आणि पुढचे सहा तास तुम्ही त्या झणक्यासोबत नाही तर त्याच्या खाली जे काय आहे त्याच्यासोबत काढता. मला हे आवडत नाही, पण धंदा असा चालतो.

दोन उदाहरणं देते. ईव्ह सां लोराँचा ला न्युइ द लोम (२००९) यातली सुरुवातीची वेलची इतकी देखणी आहे की माणूस तिथंच गार होतो, पण ती ओसरली की मागे एक मऊ, गोडसर, अंगालगत राहणारा वास उरतो, तो आवडला तर ठीक नाहीतर फसगत. कार्तिएचा देक्लारासिओं (१९९८, जाँ-क्लोद एलेना यांनी केलेला) यातही वेलचीच पुढे आहे पण खालचं सगळं कोरडं, लाकडी, त्यामुळे मसाला विरळ झाला तरी आपल्याला गंडवलं असं वाटत नाही. वेलची दोन्हीकडे आहे, फरक तळाचा आहे.

म्हणून माझी पद्धत अशी की पट्टी फक्त नापसंत करायला वापरायची. पट्टीवर डोक्यात गेला तर विषय संपला. आवडला तर एका हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा खाली, एकच स्प्रे, आणि दुकानातून सरळ बाहेर. मनगटावर नको, तिथं घड्याळाचा पट्टा, हात धुणं, सगळं आडवं येतं. आणि घासायचं तर मुळीच नाही. घासल्यानं रेणू मोडतात वगैरे जे सांगतात ते सोडून द्या, पण घासल्यानं कातडी गरम होते आणि वरचा मसाला लवकर उडतो, म्हणजे ज्यासाठी आलात तेच घालवलंत. मग स्पिरिट उडाल्यावर एकदा, वीसेक मिनिटांनी एकदा, दोन तासांनी एकदा आणि पाच-सहा तासांनी एकदा असा वास घ्यायचा, दरवेळी फोनमध्ये एक ओळ टाइप करायची. शेवटची ओळ लिहिताना स्वतःला विचारा की एवढाच वास बाटलीत असता तर मी तो घेतला असता का. नाही म्हणालात तर सुरुवात कितीही भारी असू दे, सोडून द्या. आणि एका दिवशी दोनच परफ्यूम, एका हाताला एक, कारण तिसरा मारला की तिघांची खिचडी होते.

प्रश्न: काही मसालेदार परफ्यूम नाकाला झोंबतात. झोंबणारा म्हणजे हलक्या दर्जाचा असं समजायचं का?

नाही. पहिले काही सेकंद झोंबतं ते अल्कोहोल, महागातल्या महाग बाटलीतही झोंबेल, तेव्हा स्प्रे मारला की लगेच नाक चिकटवायचं नाही. त्यानंतरही चुणचुण राहिली तर ती दालचिनीची असू शकते. दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड नुसतं वासाच्या पेशींना नाही तर चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेलाही डिवचतं, तीच नस जी पुदिन्याचा गारवा आणि मिरचीचा जाळ ओळखते. म्हणजे ते उबदार, टोचरं जे काय वाटतं ते अर्धं वास आणि अर्धं स्पर्श आहे.

मिरीची गंमत उलटी आहे. मिरीचा तिखटपणा पायपरीनमुळे असतो आणि पायपरीन हवेत उडतच नाही, त्यामुळे परफ्यूममधली मिरी कधीच तिखट नसते. ती कोरडी, लाकडी, जराशी लिंबाळलेली असते. टेर द एर्मेस (२००६) लावून बघा, मिरी स्पष्ट आहे पण झोंबणं नाही. तेव्हा कोणी ‘मिरीमुळे नाक जळतं’ म्हणालं तर समजा की त्याचं नाक दुसऱ्याच कशावर तरी चिडलंय.

आणि हो, बऱ्याच काउंटरवर मधे मधे हुंगायला कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉफी, लिंबू आणि साधी हवा यांची तुलना केली होती, कॉफीचा काही जास्तीचा फायदा दिसला नाही. बाहेर जाऊन दोन श्वास घ्या, बास.

प्रश्न: ऑफिसमध्ये लावायचा तर किती स्प्रे? मी चार मारतो, दोन मानेला, दोन मनगटांना. अजून कोणी काही बोललं नाही.

कोणी बोलत नाही हो, लोक खिडकी उघडतात.

दोन पुरे. आणि मानेच्या पुढच्या बाजूला नको, एक छातीवर शर्टाच्या आत आणि दुसरा हवाच असेल तर मानेच्या मागे. छातीवर मारलेला अंगाच्या उबेनं हळूहळू वर येतो, एकदम अंगावर धावून जात नाही. बंद खोली, लिफ्ट, लांबलेली मीटिंग असेल तर एकच. गोड-मसालेदार प्रकार, म्हणजे पाको राबानचा वन मिलियन किंवा व्हिक्टर अँड रॉल्फचा स्पाइसबॉम्ब एक्स्ट्रीम असले, यांना दिवसा एकच स्प्रे भरपूर होतो, आणि उकाड्यात तर तोही शर्टाच्या आतच, कारण उष्णतेनं सगळं भराभर उडतं आणि व्हॅनिला-दालचिनी हवेत दाट होऊन बसते. उकाड्यात मसालाच हवा असेल तर वेलची, आलं, मिरी यांच्याकडे वळा आणि दालचिनी-लवंग थंडीसाठी ठेवा. हा नियम नाही, पण तुमच्या शेजारी बसणारा माणूस दुवा देईल.

कपड्यांवर मसाला जास्त टिकतो हे खरं, पण गडद रंगाचं परफ्यूम पांढऱ्या शर्टावर डाग पाडतं. शर्टाच्या आतल्या शिवणीवर एकदा मारून बघा आणि मग ठरवा.

प्रश्न: मला स्वतःला तासाभरात वास येईनासा होतो, पण नवरा म्हणतो खोलीभर घमघमतोय. नक्की कोण बरोबर?

नवरा. एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो, आणि तुम्ही गळ्याला मारत असाल तर तो चोवीस तास नाकाखालीच आहे. त्यात आजकालच्या परफ्यूममध्ये अंब्रॉक्सॅन (अंबरसारख्या वासाचा एक कृत्रिम घटक) आणि मोठमोठ्या रेणूंचे मस्क, म्हणजे कस्तुरीसारखे वास, भरपूर असतात, यातले काही मस्क काही लोकांना जवळजवळ येतच नाहीत, नाकात काही बिघाड नसतानाही. म्हणून ‘टिकत नाही’ म्हणत पुन्हा पुन्हा मारत बसू नका. बाहेर एक चक्कर मारून घरात या, काढून ठेवलेला शर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा, तिथं खरं कळतं. आणि विचारायचंच असेल तर ‘छान आहे का’ असं नको, त्याला सगळे हो म्हणतात. ‘मी किती लांब असताना आला’ असं विचारा.

प्रश्न: मित्राच्या अंगावर एक मसालेदार परफ्यूम जबरदस्त वाटला, तोच घेतला, आणि माझ्या अंगावर घामट वास येतोय. माझ्या स्किनचा प्रॉब्लेम आहे का?

माझा पहिला संशय जिऱ्यावर. जिऱ्यातला मुख्य वास आणि घामट अंगाचा वास यांची नाकात सरमिसळ होते, आणि परफ्यूमर हे जाणूनबुजून करतात, चिमूटभर जिरं घातलं की परफ्यूमला माणसाच्या अंगाची ऊब येते, नाहीतर सगळं फार धुतल्या-पुसल्यासारखं वाटतं. एर्मेसचा ओ द एर्मेस (१९५१, एदमाँ रुदनित्स्का यांनी केलेला) यात हे आहे, वर सांगितलेल्या देक्लारासिओंमध्येही आहे. काहींना यात सुगंध दिसतो तर काहींना न धुतलेला बनियन, दोघंही खोटं बोलत नसतात.

शोधायची पद्धत सोपी आहे. कागदाच्या पट्टीवर मारा आणि तासाभरानं हुंगा. पट्टीवरही घामट येत असेल तर तो परफ्यूमचाच स्वभाव, तुमच्या कातडीला दोष देऊ नका, परफ्यूम बदला. पट्टीवर स्वच्छ आणि अंगावरच घामट असेल तर आधी डिओ बिनवासाचा वापरून बघा, बऱ्याचदा डिओचा स्वस्त वास आणि मसाला एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. मित्राच्या अंगावर तुम्ही तो दोन फुटांवरून घेतला होता आणि स्वतःच्या अंगावर नाक टेकवून घेताय, हाही फरक आहेच. बाकी ‘माझ्या स्किनवर सगळंच बिघडतं’ हे मी फारसं मनावर घेत नाही, कोरड्या कातडीवर वास लवकर जातो इतकं नक्की, त्याला आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.

प्रश्न: लावला की मानेवर लाल चट्टे येतात, खाज येते. सवय होईल का?

होणार नाही, थांबवा. ॲलर्जी असली तर सवयीनं वाढते. मसालेदार परफ्यूममध्ये हे जरा जास्तच सांभाळायचं असतं कारण सिनामाल्डिहाइड, युजेनॉल, आयसोयुजेनॉल ही सगळी ओळखीची ॲलर्जीकारक नावं आहेत. युरोपात २००५ पासून असे २६ घटक ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असले तर खोक्यावर नावानिशी छापावे लागतात, २०२३ च्या नियमानं ही यादी बरीच वाढली. खोक्यावर ‘सिनामल’, ‘युजेनॉल’ ही नावं शोधा. डॉक्टरकडे पॅच टेस्ट होते, म्हणजे पाठीवर थोडे थोडे घटक लावून बघतात, ती करून घ्या म्हणजे कशाकशापासून लांब राहायचं ते कळेल. तोपर्यंत कपड्यांवर मारते असंही नको, कॉलर मानेलाच लागते.

प्रश्न: जुन्या बाटलीतला वास आणि नव्या बाटलीतला वेगळा लागतो, नवा पातळ वाटतो. डुप्लिकेट आहे की कंपनीनं फॉर्म्युला बदलला?

दोन्ही शक्य आहे आणि तिसरंही, की जुनी बाटली बदलली. इफ्रा नावाची सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना घटकांच्या मर्यादा ठरवते आणि त्या वेळोवेळी कडक होत जातात. लवंग-दालचिनीकडच्या घटकांवर, ओकमॉसवर (ओक झाडांवर वाढणाऱ्या दगडफुलासारख्या वनस्पतीचा अर्क) बंधनं आहेत, म्हणजे जुन्या दमदार मसाल्यांनाच जास्त कात्री लागते. ईव्ह सां लोराँचा ओपियम १९७७ चा, तो आजच्या नियमांत जसाच्या तसा बसणं कठीण. त्यामुळे ‘आधीसारखा राहिला नाही’ ही नेहमीची कुरकुर पूर्ण खोटी नाही, फक्त लोक ती चार वर्षांपूर्वीच्या बाटलीलाही लावतात तेव्हा मला हसू येतं. चार वर्षं बाथरूमच्या फळीवर, उजेडात आणि वाफेत काढलेल्या बाटलीचा वरचा ताजेपणा उडालेला असतो, तळ दाट लागतो, आणि त्याच्यापुढे नवी बाटली पातळ वाटणारच. रस गडद झाला म्हणून मात्र घाबरू नका, व्हॅनिलिन असलं की रंग तपकिरी होतो, वास चांगला असेल तर लावा.

डुप्लिकेट ओळखायला खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडाचा बॅच कोड जुळतो का ते बघा. जुळला म्हणजे अस्सल असं नाही, नाही जुळला तर मात्र परत करा. स्प्रे बारीक धुक्यासारखा येतो की पिचकारीसारखा, तेही बघा.

प्रश्न: मी बाई आहे, पण मला पुरुषांचेच मसालेदार परफ्यूम आवडतात. विचित्र वाटेल का?

अजिबात नाही, खुशाल लावा. मसाल्यातली मोठी नावं बायकांसाठीच निघाली होती, ओपियम त्यातलंच, पाठोपाठ १९७८ मध्ये एस्टी लॉडरचा सिनाबार. पुरुषांच्या बाटल्यांमध्ये मसाल्यासोबत लॅव्हेंडर वगैरेंचा जो दाढीच्या क्रीमसारखा वास असतो तो फक्त तपासून घ्या, पुष्कळ जणींना खटकतो तो तेवढाच.

प्रश्न: एकाच नावाचे चार-चार प्रकार असतात, ओ द टॉयलेट, ओ द परफ्यूम, एलिक्झिर. फक्त जास्त स्ट्राँग का?

नाही, बऱ्याचदा वासच वेगळा असतो. दिओरचा सोवाज घ्या, २०१५ चा मूळ म्हणजे बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक फळ), सेचुआन मिरी आणि खाली अंब्रॉक्सॅन, ताजा आणि धारदार. २०२१ चा एलिक्झिर म्हणजे दालचिनी, जायफळ, वेलची, लॅव्हेंडर, ज्येष्ठमध, एकदम दाट आणि गडद. मूळ आवडतो म्हणून न हुंगता एलिक्झिर मागवणाऱ्यांची बाटली मग वर्षभर कपाटात पडून राहते. आधी पाच मिलीचा डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत काढून दिलेला नमुना, घ्या, आठवडाभर लावा, थंड दिवशी एकदा आणि गरम दिवशी एकदा तरी.