पिल्लाला माणसाचा लळा लागण्याआधी

पुणे

अनेक आशीर्वाद.

बाणेरच्या बांधकामावर सापडलेले टिटवीचे पिल्लू तू घरी आणलेस आणि आता ते दिवसभर तुझ्या मागेमागे धावते, हे तू मोठ्या आनंदाने कळवलेस. तुझी माया मला समजते. मात्र ते का धावते हे आधी समजून घे.

टिटवीचे पिल्लू डोळे उघडे आणि अंगावर मऊ लव घेऊनच अंड्याबाहेर येते. काही तासांतच ते चालू लागते, स्वतः किडे टिपते आणि आईबापांची धोक्याची हाक ऐकताच जमिनीला असे चिकटून बसते की, दोन हातांवर असूनही दिसत नाही. इतक्या लवकर चालू लागणाऱ्या जिवाला कोणामागे चालायचे हेही तितक्याच लवकर ठरवावे लागते. म्हणून त्या पहिल्या अवधीत समोर जे हलते आणि आवाज करते, त्याचा ठसा त्याच्या मेंदूवर उमटतो. यालाच इम्प्रिंटिंग म्हणतात. इंग्रज जीवशास्त्रज्ञ डग्लस स्पाल्डिंग यांनी १८७३ मध्ये कोंबडीच्या पिल्लांत हे नोंदवले आणि प्राण्यांच्या वर्तनाचे ऑस्ट्रियन अभ्यासक कोन्राड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. उबवणयंत्रातून निघालेली कलहंसाची पिल्ले लोरेन्झ यांच्याच मागे फिरत असत. मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस यांच्या प्रयोगांत बदकांच्या पिल्लांवर हा ठसा जन्मानंतर १३ ते १६ तासांच्या सुमारास सर्वांत पक्का उमटला.

मला खरी काळजी वाटते ती पुढची. अनेक पक्ष्यांमध्ये लहानपणी ज्याला आपले मानले, त्याच्यासारखाच जोडीदार मोठेपणी शोधला जातो. माणसाचा ठसा घेतलेला पक्षी स्वजातीयांत रमत नाही आणि माणसाला भीतही नाही. म्हणूनच अमेरिकेत दुर्मीळ क्रौंचांची पिल्ले वाढवताना कार्यकर्ते अंगभर पांढरा झगा घालत आणि क्रौंचाच्या डोक्याची बाहुली हातात धरून तिच्या चोचीने त्यांना दाणे टिपायला शिकवत. माया दाखवण्यापेक्षा ती लपवणे किती कठीण असेल, याचा विचार कर.

तुला पिल्लू सापडले तेव्हा ते चालत होते, म्हणजे त्याने आपल्या आईबापांना बहुधा पाहिले-ऐकले असणार. तेव्हा उशीर करू नकोस. आजच तिथे जा; टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असतील, तर यंत्रांपासून दूर, पण त्यांच्या नजरेच्या टप्प्यात पिल्लू ठेव आणि लांबून पाहा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, हा समज खरा नाही. आईबाप आलेच नाहीत, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळव, कारण वन्य पक्षी घरी पाळणे कायद्यानेही योग्य नाही. तोवर त्याला उबदार खोक्यात ठेव, खाणे ठेवताना बोलू नकोस, त्याला नाव देऊ नकोस आणि मित्रमंडळींना दाखवायला बाहेर काढू नकोस. तिथे काय घडले ते मला संध्याकाळी कळव.