क्रूझवर सिगारेट नेताना

पहिल्या क्रूझला निघताय, तर तंबाखूचा हिशेब घरीच करून ठेवा. बहुतेकांची समजूत असते की जहाजावरच्या दुकानात 'ड्यूटी फ्री' घेतलं की प्रश्न मिटला. तसं नाही. तिथे कर लागत नाही तो फक्त विकत घेताना. किनाऱ्यावर उतरलात की करमुक्त तंबाखूची त्या देशाची मर्यादा लागू होते आणि ती प्रत्येक बंदरात वेगळी असते.

युरोपीय संघात बाहेरून समुद्रमार्गे येणाऱ्या प्रौढाला साधारण 200 सिगारेटी चालतात. हाँगकाँगमध्ये फक्त 19, म्हणजे वीसचं अख्खं पाकीटही नाही! ऑस्ट्रेलियात 25 आणि वर एक उघडं पाकीट. सिंगापुरात तर सवलतच नाही. एकच सिगारेट असली तरी जाहीर करून कर भरावा लागतो. व्हेप (ई-सिगारेट) तिथे मुळातच बंदी असलेली वस्तू आहे, ती नेऊच नका.

कॅनरी बेटं स्पेनची असली तरी युरोपीय संघाच्या अबकारी कराच्या क्षेत्राबाहेर आहेत. तिथून संघाच्या इतर भागात परतताना मर्यादा लागते, इथे भलेभले फसतात.

मर्यादा ओलांडली तर कर फक्त वरच्या सिगारेटींवर लागेल असं धरू नका. ऑस्ट्रेलियात तो सगळ्यांवर लागतो. म्हणून बंदरात फिरायला जाताना कार्टन केबिनमध्येच राहू द्या. शंका असेल तर सरळ लाल मार्गाने (सीमाशुल्क तपासणीत सामान जाहीर करणाऱ्यांच्या वाटेने) जा आणि विचारा. सहप्रवाशाचं पाकीट मात्र 'जरा धर' म्हटलं तरी स्वतःच्या बॅगेत घेऊ नका. आणि निघण्याआधी मार्गावरच्या प्रत्येक देशाच्या सीमाशुल्क विभागाचं संकेतस्थळ बघा, आकडे बदलत असतात.