रोमेलच्या गळ्यातले दोन क्रॉस

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनानी फील्ड मार्शल रोमेल, त्याच्या फोटोत गळ्यापाशी दोन क्रॉस दिसतात. दोन्ही हिटलरनेच दिले होते का? आणि दोन्ही आफ्रिकेतल्या लढायांबद्दलच ना?

उत्तर : नाही आणि नाही. फोटो हाताशी असेल तर भिंग घ्या. ज्या क्रॉसच्या चारही टोकांना खाच आहे आणि बेचक्यांत गरुड बसलेत, तो कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या राजवटीतला ‘पूर ल मेरीत’. मूळ रंग निळा. कृष्णधवल फोटोत तो पार मारला जातो. नाव फ्रेंच, कारण १७४० मध्ये तो सुरू करणाऱ्या प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या दरबारात फ्रेंचचाच तोरा होता.

हा क्रॉस रोमेलने जवळपास भांडून मिळवला. ऑक्टोबर १९१७, इटलीतली कापोरेत्तोची लढाई. मातायुर शिखर घेणाऱ्याला हे पदक मिळायचं होतं. रोमेल तेव्हा पंचवीस वर्षांचा. वुर्टेम्बर्गच्या पहाडी बटालियनच्या काही कंपन्या घेऊन त्याने २६ तारखेला शिखर गाठलं. बावन तासांच्या त्या धडाक्यात सुमारे ९,००० इटालियन सैनिक कैद झाले. आणि पदक गेलं श्नीबर नावाच्या अधिकाऱ्याकडे, ज्याने भलतंच शिखर घेतलं होतं! रोमेल गप्प बसणारा नव्हता. त्याने वरपर्यंत तक्रार केली आणि डिसेंबरमध्ये पदक त्याच्या गळ्यात आलं.

दुसरा, रुपेरी काठाचा काळा, तो ‘नाइट्स क्रॉस’. त्याच्या मध्यभागी स्वस्तिक आणि खाली १९३९. हा हिटलरच्या काळातला, पण मे १९४० मधला, म्हणजे फ्रान्सच्या मोहिमेतला. तिथे रोमेलकडे सातवी पँझर डिव्हिजन होती. पायदळातल्या माणसाला रणगाडे कसे मिळाले? त्याआधी तो हिटलरच्या मुख्यालयाच्या संरक्षण तुकडीचा प्रमुख होता, ती ओळख कामी आली. रोमेलला राजकारणापासून अलिप्त शिपाईगडी ठरवणाऱ्यांना ही गोष्ट सोयीस्करपणे आठवत नाही.

या क्रॉसवर पुढे ओकची पानं, मग तलवारी, मग हिरे चढत गेले. गंमत तारखांची आहे. पानं मिळाली २० मार्च १९४१ ला; आफ्रिकेतली त्याची चढाई सुरू झाली त्यानंतर चार दिवसांनी. तलवारी जानेवारी १९४२ च्या, त्या आफ्रिकेच्याच. हिरे ११ मार्च १९४३ ला. याआधीचे पाचही मानकरी लढाऊ वैमानिक, भूदलातला हा पहिला. पण तोवर त्याने आफ्रिका कायमची सोडली होती, आणि मे महिन्यात तिथल्या जर्मन-इटालियन फौजेने शस्त्रं ठेवली.

जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक बंदर पडलं, तेव्हा मात्र गळ्यात काहीच वाढलं नाही. मिळालं ते फील्ड मार्शलपद. त्यामुळे तुमचा फोटो त्यानंतरचा आहे का, हे पाहायचं तर भिंग गळ्यावरून खांद्यावर न्या. तिथे एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड, म्हणजे मार्शलपदाच्या छोट्या काठ्या, दिसायला हवेत.